माठाखालचा वजनकाटा

बाईंच्या दवाखान्यात वजनकाटा होता, पण त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला असायचा. नवा पेशंट आधी काट्याकडे बघायचा, मग माठाकडे, मग माझ्याकडे. मी विचारायचे, "पाणी पाहिजे का?" काही जण तेवढ्यानेच सुटल्यासारखे होऊन बाकावर बसायचे.

दवाखाना ठाण्याच्या नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली फुटाणेवाला. वर, दुसऱ्या मजल्यावर, वजन उतरवून देणारा एक माणूस. मधे आम्ही. बाई मनाच्या डॉक्टर होत्या, त्यातही खाण्याच्या आजारांच्या. असा आजार असतो हे तिथे कामाला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. न खाण्याचा आजार असतो आणि त्याला गरिबी म्हणतात, एवढंच माहीत होतं. मी विठ्ठलवाडीहून यायचे. झाडलोट करायची, नंबर द्यायचे, नाव पुकारायचं आणि बाईंना चहा द्यायचा. सोळा वर्षं हेच केलं. माझी शाळा चौथीपर्यंत. बाईंना माझा सगळ्यात जास्त उपयोग त्या चौथीचाच झाला.

बाई साठीच्या पुढच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि सुतार ठेवतो तशी कानावर पेन्सिल. पेन हातात धरायच्या नाहीत. म्हणायच्या, "पेनाने लिहिलं की माणूस स्वतःचं लिहिलेलं खरं मानायला लागतो." खोडरबर पदराच्या टोकाला बांधलेलं असायचं. भाजी घेताना पदरातून पैसे सोडायला जायच्या आणि रबर निघायचं.

पेशंट आत आला की नाव विचारायच्या आधी म्हणायच्या, "आ करा." दात बघायच्या. मग म्हणायच्या, "हात पुढे. तळवे खाली." हाताची मागची बाजू भिंगातून बघायच्या. लोक चमकायचे. शेजारच्या गल्लीत दातांचा दवाखाना होता, आपण चुकून त्याच्यात शिरलो असं समजून दोघे-तिघे निघूनही गेले. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "जो रोज बोटं घशात घालतो त्याचे दात आतून झिजतात आणि दात लागून हाताला घट्टा पडतो. माणूस खोटं बोलेल, हात बोलत नाही."

दात बघायची सवय त्यांना एका बाईमुळे लागली. तरुणपणी त्या मोठ्या इस्पितळात होत्या. तिथे एक पोळ्या करणारी बाई यायची, अंगाने चांगली भरलेली. हातापायांत जीव नाही, धडधडतं, असं सांगायची. तीनदा आली. तिन्ही वेळा बाईंनी तिला तेल कमी खा म्हणून सांगितलं. चौथ्यांदा ती आली नाही, तिच्या सुनेने ती गेल्याचा कागद आणला. "बारीक असती तर मी बघितलं असतं," बाई म्हणाल्या. "जाड होती म्हणून बघितलं नाही. तोंडसुद्धा उघडायला लावलं नाही." हे सांगताना त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. पेन्सिल अर्धी झाली तरी थांबल्या नाहीत.

तेव्हापासून बाई एक कागद तयार करत होत्या. प्रश्नांचा कागद. डॉक्टरने तो विचारायचा आणि माणसाला खाण्याचा आजार आहे का नाही ते ओळखायचं. असे कागद आधी होते, पण बाहेरच्या देशातले. तिकडच्या बारक्या, गोऱ्या, शिकलेल्या पोरींसाठी केलेले. कुणीतरी ते मराठीत उतरवले होते. बाईंचं म्हणणं होतं की या कागदातून आपली निम्मी माणसं गळतात. "माझ्या कागदातून एकही माणूस गळता कामा नये," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. पेशंट नसेल तर माठाला उद्देशून म्हणायच्या.

आणि प्रत्येक प्रश्न आधी माझ्यावर करून बघायच्या. मला हाक मारायच्या त्या 'परीक्षक' म्हणून.

"अहो परीक्षक, या इकडे. ऐका. 'आपणांस आपल्या देहाकृतीविषयी असमाधान वाटते का?' कळला?"

"हे कुणाला विचारायचंय? कीर्तनकाराला?"

त्या खोडायच्या.

"बरं, हा. 'आरशात स्वतःचं शरीर बघून वाईट वाटतं का?'"

"आमच्या घरातला आरसा भांगापुरता आहे. बाकीचं बघायला स्टुलावर चढावं लागेल."

खोडायच्या.

"'जेवण टाळता का?'"

"टाळायला आधी कुणीतरी वाढावं लागतं."

"'सगळ्यांबरोबर बसून जेवायला नको वाटतं का?'"

"बायका कधी बसतात हो सगळ्यांबरोबर?"

यावर बाईंनी मला दहा मिनिटं उभं ठेवलं आणि नवा प्रश्न लिहिला: घरात शेवटी कोण जेवतं, आणि ते जेवताना कुणी बघतं का? हा मला कळला. हा पास झाला.

उपासाच्या प्रश्नावरून आमचं वाजलं होतं. बाईंनी लिहिलं होतं, उपास किती करता? मी म्हटलं, "आम्ही बौद्ध. आमच्या घरी कुणी उपास धरत नाही. मग माझा कागद कोराच राहणार का? उपास नाही, पण उपाशी राहतो की." बाईंनी टेबलावर हात आपटला. रागाने नाही. त्या खूश झाल्या की टेबल वाजवायच्या. मग दोन प्रश्न झाले, एक देवासाठी न खाण्याचा आणि एक नुसताच न खाण्याचा. त्याच सुमाराला एक बँकेतली बाई यायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. घरचे कौतुकाने सांगायचे, किती करते देवाचं! बाईंनी तिला एवढंच विचारलं, "उपास सोडता कधी?" ती बाई रडायला लागली. बाई मला नंतर म्हणाल्या, "उपास धरणाऱ्याची काळजी नाही. सोडायचं विसरतो त्याची काळजी."

स्वतः बाई पेशंटसमोर जेवायच्या. अकरा वाजले की टेबलावर डबा उघडायचा, पोळीचा तुकडा मोडायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत खायचा. घे म्हणायच्या नाहीत. आग्रहाचा त्यांना भयंकर तिटकारा. भाच्याच्या मुंजीत पंगतीत कुणीतरी एका मुलीला बळेच जिलेबी वाढत होतं, तर बाई भरल्या पंगतीतून उठल्या आणि ते जिलेबीचं ताट काढून घेऊन कार्यालयाच्या ऑफिसात ठेवून आल्या. तेव्हापासून नातेवाईक त्यांना फक्त पत्रिका पाठवतात, फोन करत नाहीत. बाईंना चालायचं.

नापास झालेले कागद त्या फाडायच्या नाहीत. कागद वाया जाऊ नये म्हणून गठ्ठा खाली फुटाणेवाल्याला द्यायच्या आणि तो त्याच्या पुड्या बांधायचा. अर्धा नौपाडा बाईंचे प्रश्न वाचत फुटाणे खायचा. एकदा एक रिटायर मास्तर वर आले. म्हणाले, "मला तीनच प्रश्न मिळाले. पुढचे कुठे आहेत?" बाईंनी त्यांना आ करायला लावलं. त्यांचे दात चांगले होते.

असाच एक दिवस तो ड्रायव्हर आला. खोपटच्या एसटी डेपोतून सुटणाऱ्या गाडीवर होता. भरलेला गडी, मोठ्या मिशा, पोट स्टिअरिंगला लागेल असं. हातात फुटाण्यांची पुडी. मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हटलं, "वर जा. दुसरा मजला."

"नाही, मावशी, मी या कागदासाठी आलेलो..."

"वरच जा. वजन कमी करायचं ते वर. इथं बारक्या पोरी येतात."

तो पुडीकडे बघत वर गेला.

मी नेहमी तसंच करायचे. जाडे वर, बारके आत. बाईंचा वेळ वाचतो असं माझं मत होतं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी तो परत आला. या वेळी बायकोने दंडाला धरून आणला होता. अंग उतरलं होतं, गाल मात्र सुजल्यासारखे. वरच्या माणसाने त्याला सकाळी बिटाचा रस आणि रात्री काकडी सांगितली होती. गाडी डेपोतून बाहेर काढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि गाडी भिंतीला टेकली. आत माणसं बसलेली होती. कुणाला लागलं नाही, पण त्याला गाडीवरून उतरवलं. आता डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय गाडी मिळणार नव्हती.

बायको आत शिरताच म्हणाली, "मॅडम, याची गाडी गेली तर हा माणूस उरायचा नाही. घरात नुसता हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत बसतो."

त्याने खिशातून चुरगळलेली पुडी काढली. बाईंनी ती उलगडली. तीन महिने जपून ठेवली होती. त्यावर पेन्सिलीत लिहिलं होतं: खाल्लेलं अंगात राहू नये असं वाटतं का?

"फुटाणे खाताना हे वाचलेलं मी," तो म्हणाला. "वाटलं, हे आपल्यावरच कुणीतरी लिहिलंय."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"आलेलो की. या मावशींनी वर पाठवलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवत होते. ठेवला आणि तिथेच उभी राहिले. पळून जाण्यात अर्थ नव्हता.

मग बाईंनी त्याला आ करायला लावलं. दात झिजलेले. हात बघितला. घट्टा होता. विचारलं, "जेवल्यावर उलटी करता?"

"छे छे मॅडम. उलटी कशाला?"

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

बायको म्हणाली, "उलटी नाही हो. त्याला पित्ताचा त्रास आहे. जेवला की पित्त काढतो, दोन्ही टायमाला. आमच्याकडे तर सगळ्यांना याचंच उदाहरण देतात, बघा तब्येतीची किती काळजी घेतो."

"कंडक्टर मस्करी करायचा," तो खाली बघून म्हणाला. "तुझ्यामुळे गाडीत एक सीट कमी झाली म्हणून. मग म्हटलं, हलकं राहिलेलं बरं."

तेव्हा मी बोलले. "बाई, उलटी म्हणजे दुखणं. पित्त काढणं म्हणजे औषध. उलटी करता का विचारलं तर सगळे नाहीच म्हणणार. पित्त काढता का विचारा, रांग लागेल."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं."

"मी तुम्हाला हा प्रश्न वीस वेळा वाचून दाखवला असेल. बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारायचात, कळला का. मला कळत होता."

बाईंनी उलटीचा प्रश्न खोडायला घेतला. पदराचं रबर घेऊन इतका खोडला की कागदाला भोक पडलं.

ड्रायव्हरला त्यांनी तपासणीला पाठवलं, औषधं दिली, दर मंगळवारी बोलावलं. गाडी मिळायला त्याला आठ-नऊ महिने लागले. मधे तो डेपोतच टेबलावर बसला, गाड्यांच्या वेळा लिहीत. मिळाली तेव्हा पेढे घेऊन आला, बाईंना दिले आणि त्यांच्यादेखत एक स्वतः खाल्ला. मग अर्धा तास बाकावर बसून राहिला, कुठे उठून गेला नाही. बाईंनी टेबल वाजवलं.

मला बाई त्या दिवशी रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आले तर माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

"आठ दिवस असंच बसायचं," त्या म्हणाल्या. "नंबर द्यायचा, पण माणूस बघायचा नाही."

"मग देऊ कसा?"

"हात मागे करून."

आठ दिवस मी भिंतीचा चुना बघत नंबर दिले. मागे पावलं वाजली की हात मागे करायचा, पुठ्ठ्याचा नंबर कुणीतरी घ्यायचं. लोकांना वाटायचं मला मान धरल्याचं दुखणं आहे. एक गोष्ट कळली. आवाजावरून माणूस जाड की बारीक ते समजत नाही. आजारी आहे का तेवढं मात्र थोडंफार समजतं.

बाईंनी तो दवाखाना नंतर चार वर्षांनी बंद केला. गुडघे गेले. आता बहिणीकडे असतात. मी एकदा भेटून आले. तिथेही त्यांनी वजनकाट्यावर काहीतरी ठेवलं होतं, बहुतेक तुळस. त्यांचा कागद मात्र राहिला. कल्याणच्या एका दवाखान्यात दोन तरुण डॉक्टर तोच विचारतात, साध्या भाषेत, जाड-बारीक, बाई-बाप्या न बघता. त्यात अकरावा प्रश्न आहे: पित्त काढता का? आठवड्यातून किती वेळा? अशा प्रश्नाने आजार बरा होत नाही हे मलाही कळतं. पण सापडतो तरी.

त्या प्रश्नाने तो पहिल्यांदा कुणात सापडला ते सांगते.

भिंतीकडे बसण्याचा आठवा दिवस. मागे पावलं वाजली. मी न बघता हात मागे केला, बोटांत पाच नंबर. नंबर कुणी घेतला नाही. माझा हात कुणीतरी मनगटाला धरला आणि उताणा होता तो पालथा केला. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज मी ओळखायला पाहिजे होता.

बाईंनी भिंगाची डबी उघडल्याचं मला ऐकू आलं. त्या हातातून त्यांनी बारा वर्षं चहा घेतला होता. घेताना त्या कपाकडे बघायच्या किंवा कागदाकडे.

"परीक्षक," त्या म्हणाल्या. "अकरावा प्रश्न. कळला का?"

"कळला."

"उत्तर?"

मी भिंतीकडेच बघत होते. त्याचा फायदा झाला. म्हटलं, "रोज. रात्री."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

पुढचं त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. सासरी गेले तेव्हा मी अंगाने भरलेली होते. सासू चार बायकांत म्हणायची, हिला पोसायची म्हणजे दोन सुना पोसल्यासारखं. सगळ्यांचं झाल्यावर मी मागे बसून जेवायचे, कुणी बघत नसताना जरा जास्तच खायचे, मग भीती वाटायची. एकदा पित्त काढलं, बरं वाटलं. मग रोजचंच झालं. सासू गेली, नवरा गेला, पित्त राहिलं. मी काही वाळलेली बाई नाही. माझ्याच नियमाने मला दुसऱ्या मजल्यावर जायला हवं होतं.

"आ करा," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. मी मान वळवून आ केला. त्यांनी बघितलं. माझे पुढचे दोन दात तेव्हाच गेले होते. मी सगळ्यांना सांगायचे, नळावर पडले.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारायचात कळला का," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. कोरा केसपेपर घेऊन बाहेर आल्या आणि पेन्सिल धरून उभ्या राहिल्या. मग मला माझं पूर्ण नाव विचारलं. आडनाव त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. माझ्या हातात अजून पाच नंबर होता, तो परत द्यायला मी हात पुढे केला.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमचाच आहे. बाकावर बसा. आधी चार जण आहेत."

मी खुर्चीवरून उठून बाकावर बसले. शेजारी एक कॉलेजचा पोरगा होता, पलीकडे कुणाची तरी आजी. चहाची वेळ झाली तसं बाईंनी स्वतः चहा केला आणि मला बाकावर आणून दिला. वाईट झाला होता. मी पूर्ण प्यायले.

पुढे दीड वर्ष मी दर शुक्रवारी त्यांची पेशंट होते आणि बाकीचे दिवस त्यांची नोकर. भांडणं झाली, औषध मी दोनदा बंद केलं, बाईंनी दोनदा चालू केलं. आता रात्री जेवते आणि झोपते. नवे दात बसवलेत. एवढंच सांगण्यासारखं आहे.

त्या दिवशी मात्र मी बाकावर बसून राहिले. एक गेला, दुसरा गेला, पोरगा गेला, आजी गेली. आतून बेल वाजली. बारा वर्षांच्या सवयीने मी मोठ्याने ओरडले, "पुढचा कोण?"

बाकावर दुसरं कुणी नव्हतं. मी उठले आणि आत गेले.